सातव्या गेटनंतर

सौंसरच्या बस स्टँडवर तेजस्विनीची डोक्याहून उंच पिशवी पाहून त्या सकाळी तिघांनी विचारलं होतं, आत काय आहे म्हणून. एकाला तिनं पडद्याचे रॉड सांगितलं, दुसऱ्याला बंदूक. तिसऱ्याला खरं सांगितलं – बर्फावर घसरायच्या पट्ट्या, स्की – तर नेमका त्यानंच विश्वास ठेवला नाही. ती हसत वळली आणि थबकली. पलीकडच्या खांबाला अगदी तशीच एक पिशवी टेकलेली होती… आणि पिशवीशेजारी तिच्याकडेच बघणारा एक सावळा, उंच मुलगा.

"पडद्याचे रॉड?" त्यानं विचारलं.

"नाई. बंदूक."

"मग जमलं. माझीबी बंदूकच आहे."

तो प्रफुल्ल, पांढुर्ण्याच्या एका शाळेतला खेळाचा शिक्षक. ज्या भागात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो, तिथं स्कीवाली माणसं दोन निघावीत आणि दोघांनाही कोच वीरेंद्र सरांनी एकाच दिवशी छिंदवाड्याला बोलवावं, ही गंमतच होती. मार्चमध्ये गुलमर्गला राष्ट्रीय स्पर्धा होती. त्यातल्या मिश्र सांघिक शर्यतीसाठी राज्याच्या संघात दोन मुली, दोन मुलगे हवे होते.

"नियम माहीत आहे ना?" बसमध्ये प्रफुल्ल म्हणाला. "दोन संघांच्या चार जोड्या शेजारी-शेजारी उतरतात, त्यांची मुलगी आपल्या मुलीसंग, त्यांचा मुलगा आपल्या मुलासंग. दोन-दोन बरोबरी झाली, की संघातल्या सगळ्यात वेगवान मुलीची अन् मुलाची वेळ एकत्र मोजतात."

"म्हणजे तुमची अन् माझी?"

"म्हणजे… तुम्ही म्हणत असाल तर."

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, पण हसू काही लपलं नाही. घाट लागला तशी ती डोळे मिटून वळणं मोजू लागली. "लाभ… दोन… तीन…"

"एक काहून नाई म्हणत?"

"आमच्या बागेत संत्री मोजतानी पहिल्याले एक म्हणत नाईत. लाभ म्हणतात."

"आमच्या घरी कापूस तोलतानीबी लाभच," तो म्हणाला आणि पुढची वळणं तिच्यासोबत मोजू लागला.

छिंदवाड्याला दोघांचीही निवड झाली. त्यानंतरचे रविवार तेजस्विनीला आठवतात ते धुक्यासकट. रामाकोन्याच्या पुढच्या उतारावर ती चाकांचे स्केट घालून सराव करायची. बर्फावर वळसा घालायला खांब रोवतात, ते गेट; इथं गेट म्हणून संत्र्याचे दहा रिकामे कॅरेट. ते छोट्या टेम्पोतून आणायचे तिचे बाबा, मुकुंदराव, आणि खाली लाल दुपट्टा घेऊन गाड्या थांबवायलाही तेच उभे राहायचे. प्रफुल्ल पांढुर्ण्याहून मोटारसायकलवर यायचा. पहाट ओलसर असायची, कुठूनतरी संत्र्याच्या फुलांचा वास यायचा, आणि उतारावरून जाताना तिला वाटायचं, आपण जमिनीवर नाहीच आहोत. फक्त एक जागा सोडून.

"सातावर गप्प काहून होते तू?" एका रविवारी त्यानं विचारलं.

आजवर तो तिला तुम्ही म्हणत आला होता. ते 'तू' दोघांनीही ऐकलं, आणि दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

"मोजतानी सहा म्हणते, मग आठ," तोच पुढं म्हणाला. "सातव्याले वेगबी तोडते."

तिनं स्केटचा पट्टा उगाचच सोडला, पुन्हा बांधला. "मागच्या वर्षी सातव्या गेटले पडली मी. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. आता तिथं आली, की पाय आपोआप थांबतात… सरांले कळलं तर मी संघाबाहेर."

"माह्याकडून नाई कळणार." त्यानं एक कलंडलेलं कॅरेट सरळ केलं. "अजून एक गोष्ट माह्याकडून कोणाले कळली नाई. तू मले आवडते. तुझं काय?"

हो म्हणावं असं तिला इतकं वाटलं, की छातीत दुखल्यासारखं झालं. पण पाय थांबायचे तशी जीभही थांबली. या मुलाला घाबरत घाबरत अर्धं उत्तर द्यायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"सातव्या गेटनंतर सांगीन."

"या कॅरेटच्या?"

"बर्फावरच्या."

"म्हणजे मार्चपर्यंत," तो उसासा टाकून म्हणाला, "बाप्पा…"

गुलमर्गला त्या दिवशी ऊन इतकं लख्ख होतं, की लाल-निळे गेट हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. तिसऱ्या जागेसाठी शर्यत होती. पहिल्या दोन जोड्यांनंतर एक-एक. आता तेजस्विनी, आणि तिच्यामागून शेवटचा प्रफुल्ल. ती सुटली. लाभ, दोन, तीन… कानात फक्त वारा होता. पाच. सहा. रामाकोन्याचं धुकं आठवलं, दुपट्टा हलवणारे बाबा आठवले, आणि ती जोरात, घसा फाडून ओरडली, "सात!"

पाय थांबले नाहीत. ती जिंकली होती.

खाली उभं राहून तिनं वर पाहिलं. पांढुर्ण्याचा तिचा वेगवान गडी सुटला, पण उशिरा. सुरुवातीचं गेट उघडून पापणी लवेपर्यंतचा वेळ तो तसाच उभा होता. त्यानं जीव तोडून अंतर कापलं, तरी मागे राहिला. दोन-दोन. मग तिची आणि त्याची वेळ एकत्र मोजली गेली. आठ शतांश सेकंदांनी पदक गेलं.

"गेट उघडलं तेव्हा लक्ष कुठं होतं तुझं?" वीरेंद्र सर संतापले होते.

"सातव्यावर, सर," तो खाली मान घालून म्हणाला.

सरांना काही कळलं नाही. तेजस्विनीला सगळं कळलं. पदकाचं वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, आणि तरी आनंद मावत नव्हता. सर वळताच ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तूबी मले आवडतो," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा थांबला नाही.

"आठ शतांश घालवूनबी?"

"त्याच्यासाठीच तर."

चार दिवसांनी सौंसरच्या स्टँडवर दोन उंच पिशव्या एकाच खांबाला टेकल्या होत्या. मुकुंदराव टेम्पो घेऊन आले.

"मेडल?"

"आठ शतांशानं गेलं, बाबा."

"कोणाच्यानं?"

तिनं प्रफुल्लकडे बोट दाखवलं. मुकुंदरावांनी त्याच्याकडे पाहिलं, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खांबाला टेकलेल्या पिशव्यांकडे.

"बागेत तोड चालू आहे," ते म्हणाले. "मोजाले माणूस कमी आहे. जेवून मग जा पांढुर्ण्याले."

दुपारी संत्र्यांच्या ढिगाच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला तो. दोघांनी एकदमच पहिलं फळ उचललं.

"लाभ," दोघंही म्हणाले, आणि मुकुंदराव उगाचच टेम्पोकडे बघत राहिले.