ओल्या चपला

उलव्यात राहायला आल्यापासून शर्मिला हसायची विसरली होती, आणि अंकुशला ते दिसत नव्हतं असं नाही. चौदाव्या मजल्यावरचा नवा फ्लॅट, शेजारच्या दारांना कुलपं, खाली दिवसभर सिमेंटच्या गाड्या. माहेरी परभणीला सगळी गल्ली तिला 'शमे' म्हणून हाका मारायची. इथे वॉचमनसुद्धा तिला फ्लॅटच्या नंबराने ओळखायचा. म्हणून त्या रविवारी अंकुशने बाइक काढली. "चल, उरण बघून येऊ. आज घाई नाही, टेन्शन नाही."

आता अंकुश आणि घाई नाही, म्हणजे मांजराने दूध नको म्हणण्यातला प्रकार! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दार जरा उशिरा मिटलं की याचाच जीव वरखाली. पण त्या दिवशी त्याने खरंच दमानं घेतलं. बाजारात बाइक लावून दोघं पायी भटकली. ताडगोळे खाल्ले, किनाऱ्यावर गेली. वाऱ्याने उडालेली ओढणी धरता धरता शर्मिला मोठ्याने हसली, आणि अंकुशला इतकं बरं वाटलं की त्याने उगाचच तिचे पुष्कळ फोटो काढले.

दुपारी दोघं कोळीवाड्यातल्या एका घरगुती खानावळीत जेवली. ओट्यावर चपला काढायच्या आणि आत चटईवर बसायचं. शर्मिलाला मासळीचा वास सोसत नसे. तिने अंड्याचं कालवण घेतलं आणि नवऱ्याचं पापलेट संपेपर्यंत नाकाला ओढणी लावून बसली.

बाहेर आल्यावर ती ओट्यावरच थबकली.

"अहो, या माझ्या नाहीत."

"तपकिरी पट्टा, सोनेरी बक्कल. तुझ्याच की."

"ओल्या आहेत. गार लागायलंय पायाला."

अंकुशने वाकून पाहिलं. कडक ऊन होतं, ओट्यावर पाण्याचा टिपूस नव्हता, तरी चपला आतपर्यंत भिजलेल्या होत्या. टाचेकडे झिजल्याही होत्या. शर्मिलाच्या तर परवा घेतलेल्या. हे सगळं त्याने पाहिलं, पण मागे जेवायला आलेली माणसं खोळंबली होती आणि त्याची मूळची खोड उसळली. "अगं, कुणीतरी बदलून नेल्या असतील. घाल आता, या उन्हात अनवाणी चालणार आहेस का?"

तिने घातल्या. मापात बसल्या.

बाजार उजवीकडे होता. शर्मिला डावीकडे वळली.

"इकडून जवळ पडतं," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"काय की," असं म्हणून ती हसली. ते किनाऱ्यावरचं हसू नव्हतं. तिला स्वतःलाच काही कळत नसल्यासारखं होतं.

बोळ अरुंद होत गेला. दोन्हीकडे वाळत घातलेले बोंबील, जाळ्यांचे ढीग. एका घराचा पत्रा कपाळाच्या उंचीवर बाहेर आला होता. शर्मिला वर न बघताच वाकली. अंकुशला तो सणसणीत लागला. पुढे गटारावरची एक फरशी तिने सहज टाळली. त्याने पाय ठेवला तेव्हा ती हलली. दारात बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. त्या शर्मिलाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या, आणि पाय आखडून तिला वाट देत होत्या.

अंकुशने पावलं उचलली.

"शर्मिला, थांब. काढ त्या चपला. मी उचलून नेतो तुला."

"घर आलंच की."

"कुणाचं घर?"

एका निळ्या दाराच्या पायरीवर तिने चपला काढल्या आणि ती आत गेली.

अंकुश धावला. तेवढ्या घाबरगुंडीतही दुसऱ्याच्या घरात बुटांनी कसं जायचं, म्हणून त्याने बूट काढून पायरीवर ठेवले. संस्कार वेळकाळ बघत नाहीत!

आत अंधार होता, गारवा होता. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीने मान वर केली.

"आयलीस गो? भात थांबलाय."

शर्मिला विळीवर बसली होती. समोर बांगडे होते. एकेका बांगड्याचे कल्ले ती बोटाने सफाईने ओढून काढत होती.

"तुला वास येत नाही?" अंकुश जवळजवळ ओरडलाच.

"कसला वास?" मग रिकाम्या हंड्याकडे बघत ती म्हणाली, "पानी संपलंय."

परभणीची शर्मिला असं कधी बोलत नव्हती.

त्याने तिचं मनगट धरलं. "ओळखतेस ना मला? सांग, कोण मी?"

"असं काय विचारता?" ती हसली. मोठ्याने, मोकळं, अगदी पोटातून. या हसण्यासाठी तो महिनोन्‌महिने झुरला होता. त्याचे हात सैल पडले.

बाहेरच्या बायका आता दारादारातून हाका मारत होत्या.

"शमे! ए शमे, आयलीस का गो?"

हे नाव त्यांना कुणी सांगितलं होतं?

कुणाला तरी बोलवावं म्हणून तो दाराशी आला. पायरीवर त्याचे बूट नव्हते. शर्मिलाच्या चपलांशेजारी पुरुषाच्या चपलांची एक जोडी होती. ओली.

तो अनवाणी पळू शकला असता. मोठा रस्ता काही लांब नव्हता. पण तिला इथे टाकून? ते त्याच्याने झालं नसतं. तिच्याशिवाय त्या चौदाव्या मजल्यावर जायचं तरी कशाला?

"अहो," आतून शर्मिलाची हाक आली, "एक हंडा आनता का?"

त्याने स्वतःची समजूत घातली. हंडाभर पाणी आणून द्यायचं, तिच्या कलाने घ्यायचं, मग हात धरून सरळ घरी न्यायचं. म्हातारीने हंडा पुढे केला. पायरीचा दगड तापला होता. त्याने त्या चपलांत पाय घातले.

आतून त्या कोमट होत्या.

हंडा खांद्यावर घेऊन तो घराच्या मागे वळला, चिंचेखालचा मोडका दगडी बांध ओलांडला आणि खाली उतरला. विहीर कुठे आहे, हे त्याने कुणाला विचारलं नाही.