अचानकची भूमिका कोणाला?

निकाल लागला, पण परीक्षा झालीच नव्हती.

सांगलीच्या नवोन्मेष विद्यालयात सातवीच्या वर्गातला पडदा उजळला आणि त्यावर वार्षिक नाटकाची पात्रं झळकली. राजस : निनाद आवटे. डॉक्टर मापारी : कबीर शिकलगार. अचानक : अन्वयी घाटगे. शलाका कुपवाडेने नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिचं नाव अगदी तळाशी होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘पडदा ओढणे (डावी बाजू)’.

दोन्ही बाजूंचा पडदा ओढण्याइतकी काही तिची योग्यता नव्हती.

शलाकाचे कान लाल झाले. ती एक वाक्य चुकली असती, अडखळली असती, तर गोष्ट वेगळी. पण तिने तोंडच उघडलं नव्हतं. कोणी उघडायला सांगितलंच नव्हतं. मग ती कसं बोलते हे ठरवलं कोणी?

नाटक ‘सुबकनगर’ नावाच्या कादंबरीवरून केलं होतं. या सुबकनगरात आईबाप मुलांची ऑर्डर देतात, जशी आपण कपाटाची देतो. उंची एवढी, डोळे असे, गणित पक्कं, हट्ट नको. कादंबरीत मुख्य पात्रं तीन. राजस हा असा ऑर्डर देऊन घडवलेला मुलगा. त्याच्यात सगळं उत्तम भरलेलं असतं, फक्त त्याला काय आवडतं हे विचारायचं राहून गेलेलं असतं. दुसरे डॉक्टर मापारी. गावाच्या वेशीवर बसून ते प्रत्येकाची जनुकं मोजतात. माणूस वाईट नाही, पण मोजून झाल्यावर मान वर करून समोर कोण उभं आहे ते पाहत नाहीत. आणि तिसरी अचानक. ही ऑर्डर न देता जन्मलेली मुलगी. तिचे गुण कमी भरतात म्हणून शाळा तिला आत घेत नाही, बाग घेत नाही, वाचनालयही नाही. शेवटच्या प्रकरणात ती भर चौकात उभी राहून विचारते, “मला मोजलंत. ऐकलंत कधी?”

सुट्टीत ही ओळ वाचली तेव्हा शलाकाच्या अंगावर काटा आला होता. अचानक व्हायचं तर आपणच, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं.

तर जनुकं पाहून माणसं निवडणं हा घोर अन्याय आहे, असं सांगणारं हे नाटक. त्यातली पात्रं शाळेने निवडली ती जनुकं पाहून. यात कोणाला काही खटकलं नाही.

निवडण्याचं काम शाळेतल्या यंत्रमानवाकडे होतं. त्याचं कागदोपत्री नाव ‘निवड-सहायक’, पण मुलं त्याला निवडोबा म्हणत. उंचीला तो माठाच्या तिवईएवढा. आवाज असा नम्र की शिवी दिली तरी आभार मानल्यासारखी वाटावी. त्या काळी प्रत्येक मुलाचा जनुकपट (शरीराच्या पेशींत साठवलेल्या सगळ्या सूचनांचा आराखडा) जन्मतःच काढून ठेवत. निवडोबा तो वाचून गुणांक सांगे. कोणी धावायचं, कोणी गायचं, कोणी वर्गाचा फळा पुसायचा, सगळं एका क्षणात.

शलाका थेट माणगावे बाईंकडे गेली. नाटक त्याच बसवत होत्या.

“बाई, माझं कोणी ऐकलंच नाही.”

“अगं, ऐकायचं कशाला?” बाई मायेने म्हणाल्या. “पूर्वी निवडीत दुपारच्या दुपार जायची. वर रडारड.”

“रडारड आताही होणार आहे, बाई.”

“असं नाही करायचं. तुझा रंगमंच-गुणांक एक्केचाळीस आहे गं. स्मरण मध्यम, धीटपणा मध्यम. अन्वयीचा बघ, चौऱ्याण्णव!”

“पण अचानकचे गुण कमीच असतात ना? म्हणून तर तिला कोणी आत घेत नाही!”

“हो ना,” बाई अगदी मनापासून म्हणाल्या, “म्हणून तर ती भूमिका अवघड आहे. तिला चांगल्या जनुकांचीच मुलगी हवी.”

बाईंचा चेहरा इतका निष्पाप होता की भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

बाहेर जिन्यावर अन्वयी घाटगे बसली होती. चौऱ्याण्णव गुणांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुला काय झालं आता?” शलाका चिडूनच म्हणाली. “मिळाली ना भूमिका?”

“मला नको गं ती! चार माणसांपुढे उभी राहिले की मी स्वतःचं नावसुद्धा विसरते. मला दिवे करायचे होते. निळा उजेड कुठे टाकायचा हेसुद्धा मी ठरवलं होतं.”

“मग सांग की बाईंना.”

“सांगितलं. बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, तुझ्यात भीती नाहीच आहे, अहवालात बघ.”

शलाका तिच्या शेजारी बसली. एकीला वाईट गुणांनी बांधलं होतं, दुसरीला चांगल्यांनी. दोरी तीच.

घरी आली तेव्हा आजोबा गॅलरीत बेदाण्यांचे देठ काढत बसले होते. डॉक्टर भालचंद्र कुपवाडे हे निवृत्त जनुकशास्त्रज्ञ. उभा जन्म त्यांनी जनुकं वाचण्यात घालवला होता. बेदाण्यांच्या ताटापाशी त्यांची सयामी मांजर कोळशी पसरली होती.

“आजोबा, माझी जनुकं बदलून द्या.”

“देऊ की. कुठली नकोत?”

“डाव्या बाजूचा पडदा ओढायची.”

मग तिने सगळं सांगितलं. आजोबा ऐकत होते आणि हातातल्या बेदाण्याचा चेंदामेंदा होत होता. राग आला की आजोबा फार सभ्य बोलत. ते म्हणाले, “वा. शाळेचं अभिनंदन करायला हवं. पंचांग बघून नट निवडले असते तर लोक हसले असते. यंत्र बघून निवडले की त्याला विज्ञान म्हणतात.”

“म्हणजे निवडोबा खोटं बोलतो?”

“ते नंतर बघू. आधी कोळशीकडे बघ. काय दिसतं?”

“आळस.”

“रंग बघ, रंग!”

कोळशीचं अंग सायीच्या रंगाचं होतं. पण नाक, कान, पंजे आणि शेपटी गडद, जणू तिने चूल फुंकून पाहिली होती.

“आता सांग,” आजोबा म्हणाले, “तिच्या कानातली जनुकं आणि पोटातली जनुकं वेगळी असतील का?”

“असतीलच. रंग वेगळा आहे ना.”

“चूक. जनुक म्हणजे पेशीत लिहिलेली एक सूचना. कोळशीच्या कानाच्या पेशीत ज्या सूचना, त्याच पोटाच्या पेशीत. एका अक्षराचा फरक नाही.”

“मग रंग दोन कसे?”

“रंग बनवायला एक विकर लागतं. विकर म्हणजे पेशीतली रासायनिक कामं वेगाने उरकणारं प्रथिन. कोळशीच्या जातीत हे विकर जरा नाजूक स्वभावाचं आहे. त्याला ऊब सोसत नाही. पोट गरम असतं, तिथे ते काम टाकून बसतं. कान, पंजे, शेपटी ही टोकं जरा गार असतात, तिथे ते झटून कामाला लागतं. जन्मली तेव्हा ही अख्खी पांढरी होती. आईच्या पोटात सगळीकडे ऊबच ना!”

शलाकाने कोळशीचा कान चाचपला. खरंच गार होता.

“दोन वर्षांपूर्वी थंडीत हिच्या कुशीवर शस्त्रक्रिया झाली, आठवतं? केस भादरले होते.”

“हो! आणि नंतर तिथे काळा ठिपका उगवला होता. मी म्हटलं डॉक्टरांनी शाई सांडली!”

“केस नव्हते म्हणून ती जागा गार राहिली. सूचना तीच, पण रंग बदलला. पुढे केस दाट झाले, ऊब आली, पुढच्या वेळी फिके केस उगवले. आता हिचा जनुकपट वाचून मला कोणी विचारलं की कुशीवर ठिपका येईल का, तर मी काय सांगू? थंडी किती, घर कसं, वस्तरा फिरला का, हे कळल्याशिवाय मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे जनुकं काही कामाचीच नाहीत!” शलाका विजयाने म्हणाली.

“अगं बस की! लगेच दुसऱ्या टोकाला पळू नकोस. ही मोठी होऊन म्हैस होणार नाही, हे मी जनुकं वाचून छातीठोक सांगतो. काही आजार तर एकाच जनुकातल्या चुकीने होतात. तिथे वेळेवर तपासणी केली की माणसं वाचतात. त्या कामासाठीच मी चष्म्याचे नंबर वाढवून घेतले. पण अभिनयाचं असं एक जनुक नसतं. हजारो जनुकं मिळून इकडे एक चिमूट, तिकडे एक चिमूट ढकलतात. आणि त्यांच्याहून जास्त ढकलतं ते घर, शाळा, सराव, मित्र, कालचं जेवण.”

“मग एक्केचाळीस आले कुठून?”

आजोबांनी ताटात बेदाण्यांचे दोन ढीग केले. “समज, हे मालवणचे हजार लोक आणि हे आपल्याकडचे हजार. सगळ्यांना काटेरी मासा वाढला. काटे झटपट कोण काढेल?”

“मालवणचे. आमचे बाबा तर रडतात.”

“आता सगळ्यांची जनुकं यंत्राला दिली. एकाच भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत काही जनुकं जास्त आढळतात. त्या जनुकांचा माशाशी काडीचा संबंध नसेल. पण यंत्राला तेवढंच दिसतं की ही जनुकं असलेले लोक काटे छान काढतात. ते म्हणतं, सापडलं! हे काटे काढण्याचं जनुक!”

शलाका हसली. मग हसता हसता थांबली. “पण त्यांना जमतं ते रोज ताटात मासा असतो म्हणून!”

“आणि यंत्राला ताट दिसत नाही. तुमच्या गुणांकाचंही तेच. कधीतरी कुठेतरी ज्यांना रंगमंच मिळाला, त्यांची जनुकं मोजली. ज्यांना मिळालाच नाही, ते मोजणीत नटच नव्हते. आता तुझी जनुकं त्यांच्यासारखी नाहीत म्हणून तुलाही रंगमंच नाही. पुढच्या मोजणीत तू पडदा ओढताना सापडशील आणि यंत्र म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं?” आजोबांचा आवाज आता सभ्य राहिला नव्हता. “याला अंदाज म्हणत नाहीत. याला दार लावून घेणं म्हणतात!”

पुढचे तीन दिवस शलाकाला फुरसत नव्हती. डब्याच्या सुट्टीत तिने कोळशीची गोष्ट सांगितली, खेळाच्या तासाला माशाची. शिपाईकाकांना तर दोन्ही सांगितल्या. शाळेत आता ज्याला त्याला विकर ठाऊक झालं होतं.

शुक्रवारी तालमीला ती डाव्या बाजूचा पडदा सोडून सरळ रंगमंचावर आली. बाईंच्या शेजारी निवडोबा उभा होता.

“निवडोबा, मला अचानकची भूमिका जमणार नाही, हे तुला नक्की माहीत आहे?”

“नाही,” निवडोबा नम्रपणे म्हणाला.

तालीम थांबली. माणगावे बाईंनी चष्मा काढला. “नाही म्हणजे?”

“गुणांक हा मोठ्या समूहाच्या सरासरीवरून काढलेला अंदाज आहे. माणसामाणसांतल्या फरकापैकी शंभरातले तीन हिस्से त्यातून उलगडतात. उरलेल्या सत्त्याण्णव हिश्श्यांबद्दल मला काही ठाऊक नाही.”

“अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“प्रत्येक निकालाखाली सांगतो, बाई. अक्षर किती बारीक ठेवायचं, ते मी ठरवत नाही.”

बाईंनी निकाल पुन्हा भिंतीवरच्या पडद्यावर आणला आणि नावांच्याही खाली असलेली ती बारीक ओळ डोळे बारीक करून वाचली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. पहिल्यांदाच त्यांना वर्गात कोणाला रागवावं हे कळत नव्हतं, कारण तिथे रागावण्याजोग्या त्या एकट्याच होत्या.

“शलाका,” त्या म्हणाल्या, “म्हणून दाखव. शेवटचा प्रवेश.”

शलाका मधोमध उभी राहिली. तिने श्वास घेतला आणि पहिलं वाक्य असं टाकलं की मागच्या बाकावर चिंचा खाणारा कबीर थांबला. दुसरं वाक्य त्याहून जोरात. तिसरं...

तिसरं आलंच नाही.

तिने छताकडे पाहिलं. तिथे काही लिहिलं नव्हतं. कोपऱ्यातून निनाद कुजबुजला, “एक्केचाळीस!” कोणीतरी खुदकन हसलं. स्मरण मध्यम. धीटपणा मध्यम. यंत्राचे ते तीन हिस्सेच खरे निघाले तर? क्षणभर तिला वाटलं, पडदा ओढायला परत जावं, निदान तिथे पाठांतर नाही.

आणि मग तिला आठवलं. तीन दिवस तिने नाटकाच्या वहीचं पान उघडलंच नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली, “हे जनुकांचं नाही. मी पाठच केलं नाही. भांडण्यातून वेळच मिळाला नाही.”

आधी बाई हसल्या, मग सगळेच. शलाकाही हसली, कारण आपली स्वतःची, अगदी घरची चूक सापडल्याचा तिला विलक्षण आनंद झाला होता. ही दुरुस्त करता येत होती.

“मग उद्या पाठ करून ये,” बाई म्हणाल्या. “आणि उद्या सगळेच या. ज्याला जे करायचंय, त्याने ते करून दाखवा. ऐकू, बघू आणि मग ठरवू. रडारड झाली तर झाली. अन्वयी, तू आत्ता जा बघू दिव्यांपाशी.”

अन्वयी इतकी जोरात पळाली की तिच्यातला धीटपणा पहिल्यांदाच सगळ्यांना दिसला.

निनादला राहवेना. त्याने निवडोबाच्या खांद्यावर टकटक केलं. “काय रे, उद्या हिला जमेल?”

निवडोबाच्या पोटात थोडी घरघर झाली. सगळी सातवी कान टवकारून उभी होती.

“उद्याचा आकडा माझ्याकडे नाही,” तो म्हणाला. “मलाही ऐकावं लागेल.”