खानाला उचलायला कुणी नाही

ऐका पोरांनो, दार लोटा. आमच्या इटिल नदीकाठी होता एक लोकर थापून बुरणूस करणारा गालिम, होती त्याची बायको शेमसिया आणि एकुलती लेक आयसिलू. गालिम माझा शेजारी. खोटं रचायची त्याला अक्कलच नव्हती, म्हणून सांगते.

आयसिलूचं लग्न पलीकडच्या गावी. सासरच्या दारात नवरी गाडीतून उतरते ती पांढऱ्या बुरणुसावर. पाय मातीला लागला, की जन्मभर सासूचे टोमणे. बुरणूस वाळायला उशीर झाला. वऱ्हाड पुढं गेलं. गालिम घोडागाडीत बुरणूस घालून एकटाच मागून निघाला. नवरी उजाडता उतरणार होती, त्याआधी पोचायचं होतं. ऑक्टोबरची सव्वीस, गुरुवार, रात्रीचे साडेअकरा.

गुरुवारी आपली मेलेली माणसं येतात. आपण पोळ्या तळतो, वासानंच ती तृप्त होतात. वाटेत टेकडीखाली पुरलाय तो तुक्ताश खान. त्याच्यासाठी कोण तळणार? चौघांनी पांढऱ्या बुरणुसावर उचलून त्याला खान केला, तीन सख्खे भाऊ आणि मामा. पहिल्याच हिवाळ्यात यानं तिन्ही भावांचे गळे धनुष्याच्या दोरीनं आवळले. मामा पळाला. राज्य केलं अकरा महिने. मेला घोड्यावरून पडून. तेही उभ्या घोड्यावरून.

शेमसियानं वाटेला तळलेल्या पोळ्या दिल्या होत्या. गालिमनं नेमकं टेकडीखाली पुडकं सोडलं. गुरुवारी! तिथं चुकला.

घोडा थांबला.

गाडी मागून दबली.

बुरणुसावर कुणीतरी बसलं होतं...

"उचल."

गालिमनं घोड्याला हाकललं, घोडा हलेना.

"मी खान. उचल."

 बुरणूस लेकीचा होता.

"खानसाहेब," तो म्हणाला, "एकट्यानं खान उचलत नाहीत. चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. भावांना हाक मारा."

 

खानानं हळूच एक नाव घेतलं. दुसरं. तिसरं...

गवतात पावलं वाजली. तीन बाजूंनी.

"नको," खान म्हणाला. लहान पोरासारखा.

गाडी हलकी झाली.

उजाडता बुरणूस दारात अंथरला. दुधासारखा पांढरा. फक्त तीन कोपऱ्यांवर मातीच्या मुठींचे ठसे. चौथा कोरा. सासू तोंड उघडणार, तोवर नवरी उतरलीसुद्धा.

सात वेळा धुतला, ठसे गेले नाहीत. पण आयसिलूला तीन मुलगे झाले, एकमेकांसाठी घास राखून ठेवणारे. उन्हातला बुरणूस घरात न्यायचा तर तिघं तीन कोपरे धरतात, बरोबर त्या ठशांवर. चौथा म्हातारा गालिम धरतो.