मधुसूदन पळसुल्यांचं मत

वेस्टरलेच्या चर्चच्या हॉलमध्ये चहा झाला, बिस्किटं झाली आणि मग मेलेल्यांची मतं मोजायला सुरुवात झाली. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ब्रिटनमधला जुना हुजूर पक्ष फुटून त्याच्या जागी वारसा पक्ष आला होता आणि देश फक्त जिवंत माणसांचा नसतो, हे या पक्षाचं लाडकं वाक्य होतं. इतर पक्ष असली वाक्यं भाषणापुरती ठेवतात. यांनी ते मनावर घेतलं.

त्यासाठी त्यांनी 'स्मृतिमतदार' बनवला. सभासद जिवंत असताना त्याच्या परवानगीने घरातलं यंत्र त्याचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकत राही. तो गेला, की त्या बोलण्यावरून घडवलेलं कृत्रिम मन त्याच्या वतीने मत देई आणि विचारलं तर त्याच्याच आवाजात कारणही सांगे.

केतकी पळसुलेला पक्षाची खासदारकीची उमेदवारी हवी होती. ती याच गावात जन्मली, शिकली आणि इथेच वकिली करत होती. समोर रूपर्ट हेल होता, 'परतवाट' योजनेचा पुरस्कर्ता. स्थलांतरितांच्या कुटुंबांना मूळ देशी पाठवावं, आधी गोडीने आणि नंतर कायद्याने, अशी ती योजना. जिवंतांनी केतकीला कौल दिला होता. मेलेल्यांतले जुन्या वळणाचे लोक हेलकडे जाणार, हे तिने धरलंच होतं. पण गावात स्थलांतरित सभासदही पुष्कळ होऊन गेले होते आणि त्यांत तिचे बाबा मधुसूदनही होते. सांगलीहून येऊन त्यांनी इथे औषधांचं दुकान काढलं होतं, लेकीसाठी दारोदार पत्रकं वाटली होती. त्यांच्या मताची तिला काळजीच नव्हती.

अध्यक्षा मिसेस पेंबर्टन यांनी बाबांचं मत वाचलं. ते हेलला होतं.

केतकीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिने कारण मागितलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून बाबा मराठीतच बोलले, जेवताना बोलावं तसे.

"केतू, इथं कशाला गुंतून पडतेस? अजून दोन वर्षं काढायची, की आपण सांगलीला परत जायचं."

घरातला बॉयलर बिघडला की बाबा हे म्हणत. दुकानात कुणी टोचून बोललं की म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी बागेत नवा गुलाब लावत. यंत्राने त्यांचं फक्त बोलणं ऐकलं होतं.

मग पटेल, सिद्धू, ओकाफोर अशी नावं येत गेली आणि सगळी मतं हेलला पडली. परत जायचं बोलणं प्रत्येकाच्या घरात झालेलं होतं. मिसेस पेंबर्टन यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण नियम त्यांनीच केलेला. हेल हात मिळवायला आला. देशभर असंच होतंय, म्हणाला. आता कायद्याला तुमच्याच वडीलधाऱ्यांची संमती आहे. तो हे अगदी नम्रपणे, मनापासून बोलला, याचा केतकीला सगळ्यांत जास्त धक्का बसला.

ती आईशेजारी येऊन बसली. आई अजून स्पीकरकडेच बघत होती.

"आई, बाबांना खरंच जायचं होतं?"

"मला तरी काय माहीत गं? तिकीट काढू का विचारलं, की म्हणायचे, बघू." आईने तिचा हात घट्ट धरला. "पण केतू, मीसुद्धा रोज तेच म्हणते. मी गेल्यावर माझं मत तुझ्याविरुद्धच पडणार का?"