तीस वर्षांचं पिल्लू

कागदी पट्टी जिभेखाली धरायची, ओली झाली की यंत्राच्या फटीत सारायची. देवळाबाहेर चपला काढाव्यात इतक्या सवयीनं लोक आता हे करतात. पोपट घ्या, मांजर घ्या, नाहीतर मिरजेजवळच्या सर्पसंगोपन केंद्रात येऊन अजगर घ्या. पट्टी दिल्याशिवाय प्राणी काही हातात पडत नाही.

शौर्य पाटोळे तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. त्याच्या पिढीत वर्गावर्गात चार-चार शौर्य होते, म्हणून मुलीचं नाव त्यानं हट्टानं पणजीचं ठेवलं, सगुणा. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. आता अकरा वर्षांच्या सगुणानं महिनाभर एकच धोशा लावला होता: बॉल पायथन जातीचा अजगरच पाहिजे, आणि तोही पिल्लूच. कुत्रा घेऊ म्हटलं, नको. ससा म्हटलं, तर तोंड फिरवलं. शौर्यला सापाची मनापासून किळस होती, पण आईविना पोरीला 'नाही' तरी किती वेळा म्हणणार?

केंद्रप्रमुख डॉ. शहनाज मुजावर सर्पशास्त्रज्ञ होत्या आणि बोलायला फटकळ. पिल्लांचे डबे पुढ्यात ठेवून त्यांनी सगुणाला कामाला लावलं. डोळे स्वच्छ आहेत का बघ. नाकाशी बुडबुडे नकोत, श्वासाला घरघर नको, पाठीचा कणा वर आलेला नको. कात एका तुकड्यात टाकलेली असावी आणि पिल्लू आपणहून तीन-चारदा तरी जेवलेलं असावं. दिसायला देखणं पण खायला नाखूष असं पिल्लू घेऊन घरी रडत बसणारे त्यांनी ढीगभर पाहिले होते.

सगुणानं एक तपकिरी पिल्लू उचललं. त्यानं घाबरून डोकं अंगात दडवलं आणि मुटकुळं केलं. या जातीचा तो स्वभावच, म्हणून तर नाव बॉल. सगुणा अजिबात हलली नाही. थोड्या वेळानं पिल्लानं जीभ बाहेर काढली आणि ते तिच्या मनगटावरून सरकू लागलं.

"हेच," ती म्हणाली.

मग पट्टी. शौर्यनं ती यंत्रात सारली आणि दिवा तांबडा लागला.

इथं जरा थांबून सांगायला हवं. माणसाच्या पेशींमधल्या डीएनएवर वयाबरोबर रासायनिक खुणा साचत जातात. या खुणा थुंकीतूनही वाचता येतात, आणि शरीर अजून किती वर्षं टिकेल ते त्यावरून कळतं. अपघात सोडला तर अंदाज सहसा चुकत नाही. याला म्हणतात शेषमान. बॉल पायथन तीस वर्षं सहज जगतो. मालक आधी मरायचे आणि वारस त्यांचे साप ओढ्यात सोडून मोकळे व्हायचे. ही बोंब फार झाली तेव्हा कायदा आला: प्राण्याच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा ज्याचं शेषमान जास्त, त्यालाच तो प्राणी विकायचा. आकडा कुणालाच कळू नये म्हणून यंत्र तो तिथल्या तिथं पुसतं, नुसता हिरवा किंवा तांबडा दिवा दाखवतं. केवढं शहाणपण केलं म्हणून कायदा करणाऱ्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. लोकांना हिशेब येतो, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शौर्य अडतीस वर्षांचा होता. त्यानं यंत्र बिघडलंय का विचारलं. बाई नाही म्हणाल्या आणि सगुणाला पलीकडच्या खोलीत कासवांचं टाकं बघायला पाठवलं.

"पहिल्यांदा पाळताय, तर मोठा अजगर बरा," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांचा एक आहे. शांत आहे, जेवायची कटकट नाही."

बाईंचा सल्ला खरं तर चांगलाच होता. पण शौर्यच्या डोक्यात आता साप उरला नव्हता. दहा वर्षांचा म्हणजे अजून वीस जगणार, एवढाच हिशेब त्यानं केला आणि पट्टी जिभेखाली धरली. दिवा पुन्हा तांबडा.

"त्याहून म्हातारा आहे?"

"आहे. पण पाटोळे, आता घरी जा. साप घ्यायला आलात, मोजायला लागलात. इथं रोज माणसं अशीच सुरू करतात. शेवटी दोन वर्षं जगणाऱ्या पांढऱ्या उंदरांपर्यंत जाऊन उभी राहतात."

"तुम्ही कधी पट्टी दिलीय का?"

"मी घरी मांजरसुद्धा पाळत नाही," बाई म्हणाल्या.

पण शौर्यचे पाय हलेनात. आता गेलो तर रात्रंदिवस हेच डोक्यात घोळणार, आणि राहिलो तरी तेच, हे त्याला कळत होतं. सगळ्यात म्हातारा अजगर जाडजूड आणि सुस्त होता, अजून सात-आठ वर्षांचाच सोबती. शौर्यनं पट्टी सारली. दिवा हिरवा लागला, आणि त्याचा हिशेब पुरा झाला. आठ वर्षांच्या वर, विसाच्या खाली.

तेवढ्यात सगुणा परत आली. पिल्लू का मिळत नाही म्हणून तिनं विचारलं, तेव्हा बाईंनी नियमाप्रमाणे दुसरी वाट सांगितली: दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावावर प्राणी घेऊ शकतं, पोरीनं फक्त पट्टी द्यायची. असं म्हणून त्यांनी एक पट्टी पुढे केलीसुद्धा.

शौर्यनं ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. हिरवा लागला तर ठीकच, पण तांबडा लागला तर त्या पोरीला रोज सकाळी वेणी घालून शाळेत कसं पाठवायचं? पिल्लांना कसलासा आजार आहे, अशी थाप त्यानं मारली. म्हातारा अजगर घेतला, कागदांवर सह्या केल्या आणि बाहेर पडला.

गाडीत खोका सगुणाच्या मांडीवर होता. सांगली मागे पडली. शौर्यच मग बडबडत सुटला: मोठा साप शांत असतो, चावत नाही, बाईसुद्धा तेच म्हणाल्या.

"हा किती वर्षं जगेल?" तिनं विचारलं.

"जगेल की. सात-आठ वर्षं."

ती मनाशी काहीतरी मोजू लागली. तिचे ओठ हललेले त्याला तिरप्या नजरेनं दिसले.

"पिल्लांना आजार नव्हता, पप्पा. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये. ज्यांच्या घरात म्हातारा प्राणी आणतात ना, त्यांना कुणी काही विचारत नाही. आईच्या वेळी तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि मला मावशीकडं पाठवून दिलंत. म्हणून मी कुत्रा नको म्हटलं. कुत्रा लवकर मरतो, त्यावरून काहीच कळत नाही."

शौर्यनं गाडी बाजूला घेतली. पोरीला सापाचं वेडबिड काही नव्हतं, हे आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं. तिला जवळ घ्यायला तो वळला, पण मध्ये खोका होता.

"तुझी पट्टी मी मुद्दामच दिली नाही," तो कसाबसा म्हणाला.

"माझं नव्हतंच बघायचं," सगुणा म्हणाली. "तुम्ही तीस वर्षं आहात का, तेवढंच बघायचं होतं."