जावईबापूंची खिडकी

पेंटरने तिकीट मागत खिडकीत हात घातला आणि तो जरा जास्त वेळ आत ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. पुढच्याच क्षणी त्याच्या मनगटावर केळ्याएवढी पिवळी चोच आपटली.

"हात काढा," आतून आवाज आला. शांत, थोडासा हसरा. "इथे हात पटकन काढायचा असतो. तशी पाटी आहे."

"कुठे?"

"...होती. पुसली गेली."

पेंटरने मनगट चोळत वर पाहिलं. खिडकीवरच्या पत्र्यावर एक भलामोठा धनेश पक्षी बसला होता. काळा-पांढरा, लांब पापण्यांचा, आणि चेहऱ्यावर मानपान राहून गेल्याचा भाव.

"हे कोण?"

"जावईबापू."

"कुणाचे?"

"बाबांचे. या पक्ष्याला मी त्याची बायको वाटते, म्हणून घरातले तसं म्हणतात. एक तिकीट की दोन?"

"मी पाट्या रंगवायला आलोय. बाबांनीच बोलावलंय."

"मग तिकीट कशाला मागितलंत?"

खिडकी म्हणजे लाकडी भिंतीतली चार बोटं रुंद आडवी फट. तिच्यातून माणूस पुरता दिसत नाही, हप्त्याहप्त्याने दिसतो. पेंटरला आधी हनुवटी दिसली, मग कानामागे खोचलेली पेन्सिल, मग दोन डोळे... आणि तिथे तो थांबला.

"इथे दुसरं काही मागता येत नव्हतं," तो म्हणाला.

प्रेमात पडायला चार बोटं फट पुरते. अख्खा माणूस एकदम दिसला की उलट काम बिघडतं, असा आमचा अनुभव आहे.

या प्राणिसंग्रहालयाचा इतिहास मोठा आहे, पण अभिमानाने सांगावा असा नाही. खिडकीतल्या मुलीच्या आजोबांचा सोड्याच्या बाटल्या भरायचा कारखाना होता. शेजारच्या मैदानात सर्कस आली, महिनाभर राहिली आणि जाताना उंट विसरून गेली. छत्री विसरणं आपण समजू शकतो. उंट विसरायला वरच्या दर्जाचा विसरभोळेपणा लागतो. आजोबांनी वाट पाहिली. सर्कस परत आली नाही, लोक मात्र उंट बघायला येऊ लागले, आणि बघताबघता तहान लागून सोडा पिऊ लागले. आजोबांनी उंटाला सावली बांधली. मग कुणी शिव्या देणारा पोपट आणून सोडला, कुणी गटारात सापडलेला अजगर, कुणी हौसेने पाळलेली आणि हौस संपल्यावर सहा फूट झालेली मगर. दुसऱ्यांना जे झेपलं नाही ते इथे राहिलं. पुढे सोडा बंद पडला, जनावरं राहिली.

आजोबांचा नियम एकच होता: ज्याची जागा त्याची. एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही, म्हणजे घरात भांडणं होत नाहीत. म्हणून उंट आणि म्हातारा सिंह बाबांकडे. अजगर आणि मगर आत्याकडे. आणि खिडकी, आजी गेल्यापासून, म्हणजे गेली सात वर्षं, तिच्याकडे. खिडकीत दुसरं कुणी बसत नसे. भांडणं मात्र होतच.

ती खिडकीत बसायला लागली त्याच वर्षी जावईबापू पंख मोडलेलं पिल्लू म्हणून आले. धनेशांचा संसार वेगळाच असतो. मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, ढोलीचं तोंड मातीने लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून त्या फटीतून तिला फळं भरवतो. मोठे होऊन जावईबापूंनी आजूबाजूला पाहिलं, तर समोर लाकडी खोली, तिला एक फट, आणि आत एक मुलगी. आणखी काय पुरावा हवा? तेव्हापासून ते दिवसभर घशातून एकेक उंबर काढून खिडकीत ठेवत. वसंतात चोचीने चिखल आणून फट लिंपायला बघत, आणि आतली बायको या कामात काहीच मदत करत नाही म्हणून नाराज होत. ती रोज संध्याकाळी पट्टीने चिखल खरवडून काढी. सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद, पण संसार चालू असे. सकाळ-संध्याकाळ तिला खिडकीत अर्धा तास बसावंच लागे.

कारण एकदाच ती मामेबहिणीच्या लग्नाला तीन दिवस गेली होती. खिडकीला फळी लावलेली. तीन दिवस जावईबापू फळीला चोच टेकवून बसले आणि त्यांनी अन्नाला शिवलं नाही. त्यानंतर ती कुठे गेली नाही. शहरातली नोकरी आली, "जावईबापू उपाशी राहतील" म्हणून सोडली. दोन स्थळं आली, त्यांनाही हेच कारण गेलं. त्यातल्या एकाने तर जावईबापूंचा पगार विचारला होता म्हणे.

पाट्या एकूण एकेचाळीस होत्या. मजकूर तिने सांगायचा, पेंटरने लिहायचा. रंगवायला पाट्या मागच्या शेडमध्ये नेता आल्या असत्या. पण पेंटरने शिडी, डबे, ब्रश सगळं खिडकीसमोर मांडलं. उजेड इथे चांगला आहे, असं त्याने बाबांना सांगितलं. उजेड शेडमध्येही तोच होता.

"कासव," ती आतून म्हणे. "वय... बाबा म्हणतात ऐंशी, आत्या म्हणते एकशे वीस."

"मग काय लिहू?"

"लिहा — वयाबद्दल घरात चर्चा चालू आहे."

"आणि मगर?"

"ही मगर खरी आहे. खडे मारून बघू नये. शंका असल्यास आत्याला विचारावे."

"आत्याबाई चिडत नाहीत?"

"चिडते ना. म्हणून तर कुणी विचारत नाही."

तो हसला की शिडी हलायची. शिडी हलली की आतली पेन्सिल थांबायची. मग दोघंही काही वेळ फार गंभीरपणे शहामृगाबद्दल बोलत.

"तुम्ही कुठेकुठे पाट्या लिहिल्या?" एकदा तिने विचारलं.

"बंदरावर, दोन दवाखान्यांत. एकदा दीपगृहावर."

"दीपगृहावर काय लिहायचं असतं?"

"आत येऊ नये."

"एवढ्या लांब जाऊन हेच?"

"सगळीकडे बहुतेक तेच लिहून घेतात हो. इथेच पहिल्यांदा कुणी काही सांगायला लावलं."

जावईबापूंनी तेवढ्यात एक उंबर आणून ठेवलं. ती त्या उंबराकडे बघत राहिली, पण बघत होती दीपगृहाकडे... खाली आपटणारं पाणी, वर एक माणूस शिडीवर, वारा त्याच्या शर्टात शिरलेला. संध्याकाळी खिडकीची फळी लावल्यावरही ती आत बसून राही. फाटकाबाहेरून शेवटची बस जाई, तिचा आवाज उताराच्या वळणापर्यंत ऐकू येई, आणि त्यानंतरही ती तो ऐकत असे. बस गेलेली असायची. मन अजून थांब्यावर असायचं.

पाट्या कमी होत चालल्या तसा मजकूर वाढत चालला. सिंहाच्या पाटीवर तीन ओळी होत्या. सव्विसाव्या पाटीवरच्या सशाला अकरा ओळी मिळाल्या. तिसाव्या पाटीपाशी बाबा थांबले, वाचलं आणि म्हणाले, "बाळ, या बदकाचं चरित्र फारच मोठं झालंय. त्याने आयुष्यात काही केलेलं नाही."

चाळिसाव्या पाटीच्या दिवशी तिची दाढ सुजली. आत्याने एक नजर टाकली आणि पर्स उचलली. "चल पोरी. गाल आहे की कलिंगड?"

"पण आत्या, जावईबापू..."

"राहू दे एक दिवस उपाशी. माझा अजगर महिनामहिना राहतो, काही बोलतो का?"

त्या दोघी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि पाठोपाठ शाळेची सहल आली. बाबा उंटाचा पाय धरून बसले होते. त्यांनी तिथूनच पेंटरला ओरडून सांगितलं, "बसा तिथे तासभर. आपल्या घरातले नाही तुम्ही, तुम्हाला नियम लागू नाही."

'घरातले नाही' हे पेंटरला लागलं, पण तो बसला. तिकिटं दिली. आणि अर्ध्या तासाने फटीतून पिवळी चोच आत आली. त्याने सवयीने हात मागे घेतला. चोचीने अलगद एक उंबर ठेवलं. मग दुसरं. मग लांब पापण्या मिटून, अतिशय प्रेमाने, तिसरं.

पेंटर त्या फळांकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं. जावईबापूंचं लग्न तिच्याशी झालंच नव्हतं. ते खिडकीशी झालं होतं. आत कोण बसलंय हा प्रश्न त्यांना सात वर्षांत पडला नव्हता, आणि ज्याची जागा त्याची म्हणणाऱ्या घराने तो पडू दिला नव्हता.

ती परतली तेव्हा गालाला रुमाल होता. तिने पहिला प्रश्न विचारला, "खाल्लं का त्यांनी काही?"

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. एक खरं वाक्य, आणि ती मोकळी होती. त्या एका वाक्यात त्याचाही फायदा होता.

"नाही," तो म्हणाला. "दिवसभर तुमची वाट बघत होते."

तिने डोळे मिटले. दुखऱ्या गालानेही ती हसली. पेंटरने ब्रश उचलला आणि उरलेली संध्याकाळ पाटीवरच्या सशाच्या कानांना विनाकारण दुसरा हात दिला.

दुसऱ्या सकाळी एकेचाळिसावी, शेवटची पाटी. तो शिडीवर चढला. ती फटीतून बघत होती.

"पेंटर, तुमच्या खिशाला मुंग्या लागल्यात."

"साखरेचा खडा असेल."

"तांबडी साखर? डाग पडलाय. काढा बघू."

"असू दे हो..."

"काढा."

त्याने खिसा उलटा केला. चेपलेली सहा-सात उंबरं शिडीच्या पायरीवर पडली. घशातून आलेल्या फळाला एक विशिष्ट चकाकी असते. सात वर्षं तीच भेट मिळालेल्या बाईला ती ओळखायला वेळ लागला नाही.

मग ती उठली, दार उघडून बाहेर आली आणि मगरीला खायला घालून येणाऱ्या आत्याला हाताला धरून तिने खिडकीत नेऊन बसवलं. आत्या "अगं माझे हात, अगं वास..." म्हणत राहिली. जावईबापू उतरले. एक उंबर ठेवलं. दुसरं ठेवलं. पापण्या मिटल्या.

"अगबाई," आत्या आतून म्हणाली, "साठी उलटल्यावर कुणीतरी लक्ष दिलं म्हणायचं."

ती तारेच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. पहिल्यांदाच पेंटरला ती अख्खी दिसत होती, आणि आमच्या अनुभवाला धक्का बसेल अशा रीतीने काम मुळीच बिघडलं नाही.

"खोटं का बोललात?"

"तुमचा सात वर्षांचा संसार... मी कोण मोडणार?"

"एवढंच?"

"खरं सांगितलं असतं तर वाटलं असतं, हा स्वतःसाठी सांगतोय."

"त्यात तुमचं काय होतं?"

पेंटरने ब्रशचे केस बोटांनी सरळ केले. ते सरळच होते.

"सगळंच," तो म्हणाला.

वारा आला, मोराच्या पिंजऱ्यातलं एक पीस तारेला अडकून थरथरलं. ती खाली बघत म्हणाली, "मला वाईट कशाचं वाटतंय माहितीय? त्या पक्ष्याने फसवलं याचं नाही. त्याने कधी म्हटलंच नव्हतं. मीच... तो उपाशी राहील म्हणत होते, आणि बरं वाटत होतं म्हणताना. नोकरी आली तेव्हाही. बाहेर पडायची भीती मला होती. नाव त्याचं सांगत होते."

"आता?"

"भीती आहेच. पण नाव कुणाचं सांगू आता?"

"पुढचं काम बागेचं आहे," पेंटर हळूच म्हणाला. "झाडांच्या पाट्या. तीनशे. माझी थोरली बहीण तिथेच असते, तिच्या घरी राहाल. मजकूर सांगायला कुणी नाहीये... महिनाभर बघा. नाही आवडलं तर मी स्वतः आणून सोडेन. आवडलं तर येऊन बाबांशी बोलेन."

"तीनशे झाडांबद्दल मला काय माहिती?"

"बदकाबद्दल तरी काय होती?"

ती हसली, आणि मग लगेच रडली. दाढेमुळे दोन्ही एकाच बाजूने.

बाबांना सांगायला तिला दोन दिवस लागले. त्यांनी उंटाच्या मानेवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझी आजी त्या खिडकीत बसली ती कायमचीच. तिला कुठे जायचं होतं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही." त्यांनी उंटाची दोरी जरा सैल केली. "पोचलीस की फोन कर. आणि त्या पेंटरला सांग, बोलायला यायचं तर सोमवारी ये. इतर दिवशी मला उंट असतो."

निघायच्या सकाळी पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. आभाळाने काही ठरवलं नव्हतं. पेंटरच्या खांद्यावर शिडी, तिच्या हातात एक बॅग. फाटकाबाहेर वीसेक पावलांवर ती थांबली आणि मागे वळली. खिडकीत आत्या होती. पत्र्यावरून खाली वाकून जावईबापू आत्याला फळ देत होते, मन लावून.

पेंटरही थांबला. "परत जायचंय?"

"नाही... तो बघतोय का, तेवढं बघत होते."

"बघतोय?"

"नाही."

तिचा आवाज जरासा भिजला. ती तशीच उभी राहिली. उताराकडून बसचा आवाज येऊ लागला होता, आणि यावेळी तो वाढत होता.

"मी बघतोय," पेंटर म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली आणि वळून त्याच्या बरोबरीने चालू लागली. "समोर बघा. शिडी लागेल कुणाला तरी."