झाकलेली पॅनेलं आणि चार पुडांचा डबा

मंगळावर धुळीचा हंगाम जवळ आला की आमच्या गेरूवाडीत जो तो हवाबंद पोशाख चढवून, फडकं घेऊन बाहेर पडतो. एकदा वादळ सुरू झालं की सूर्य कित्येक आठवडे दिसेनासा होतो. म्हणून त्याआधी सोलर पॅनेलं लख्ख पुसायची आणि मिळेल तेवढी वीज साठवून ठेवायची. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग गावात सगळ्यात जास्त पॅनेलं जिच्याकडे आहेत, ती माझी आई भर उन्हात आपल्या पॅनेलांवर चादरी का घालत होती?

ही तक्रार घेऊन आधी आला तो खराटा. खराटा म्हणजे आमचा पॅनेलं झाडणारा रोबो. कामाला वाघ, पण डोक्याने अगदी सरळ.

"शाल्मली, मी पॅनेल पुसतो. बाई ते झाकतात. पुन्हा पुसायला मी चादर काढतो. बाई ओरडतात. माझ्यात बिघाड आहे का?"

"तुझ्यात नाही रे," मी म्हणाले आणि आईला शोधायला धावले.

माझ्या आईबद्दल थोडं सांगायलाच हवं. पूर्वी इथे पॅनेलं पृथ्वीवरून यायची. एक यान चुकलं तर वर्षभर थांबावं लागे. वाट बघत बसायचा आईचा स्वभावच नाही. तिने मंगळाच्या लाल वाळूतून सिलिकॉन (पॅनेल बनवायचा मूळ पदार्थ) वेगळा काढला आणि इथेच पॅनेलं घडवायला सुरुवात केली. पहिली सतरा फुटली. अठरावं चाललं. आज गावातली निम्मी पॅनेलं तिच्या कारखान्यातली आहेत, आणि आम्ही गावातलं सगळ्यात श्रीमंत घर आहोत.

आई शेवटच्या रांगेत चादरीचं टोक बांधत होती.

"नवा नियम आलाय ना," ती म्हणाली. "जो जास्त वीज बनवेल त्याने गावाच्या सामायिक बॅटरीला जास्त वाटा द्यायचा. मीटरवरची सगळ्यात वरची रेघ ओलांडली की दहातले नऊ वाटे गावाचे! माझी बहुतेक सगळी वीज जाणार. त्यापेक्षा मी रेघेच्या आतच राहते."

"पण आई..."

"आणि ऐक. पानसेकाकांचीही पॅनेलं पुष्कळ, ते मागच्या आठवड्यात उत्तरवस्तीला गेले. तिथे वाटा मागत नाहीत. शनिवारच्या गाडीने आपणही जाऊ म्हणते."

"आजोबा येतील?"

"ते नाही येणार," आई म्हणाली आणि उगाचच दुसऱ्या टोकाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

माझा जन्म गेरूवाडीतला. माझी शाळा, माझी मैत्रीण नफीसा आणि आजोबा, सगळे इथले. मी तशीच बॅटरीघराकडे पळत सुटले.

माझे आजोबा, डॉक्टर त्र्यंबक दळवी, म्हणजे आईचे वडील. ते ऊर्जाशास्त्रज्ञ आहेत आणि सामायिक बॅटरी सांभाळतात. त्यांनी जेवायला नुकताच डबा उघडला होता. चादरींचं ऐकताच त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"तरीच! नियम झाल्यापासून बॅटरी भरायच्या ऐवजी रोज थोडी कमीच भरतेय. मी तारा तपासून थकलो. मागितलं जास्त आणि मिळालं कमी, असं झालं म्हणायचं!"

"पण आजोबा, मुळात मागायचंच कशाला? ती वीज आईची आहे. तिने कष्टाने मिळवलीय." मला खरंच राग आला होता.

"आहेच तिची. मला तिचा किती अभिमान आहे ते तुला सांगायला नको. पण आता मला सांग, कडकडून भूक लागली की पहिली भाकरी कशी लागते?"

"अमृतासारखी."

"आणि पाचवी?"

"पाचवी कोण खातंय!"

"विजेचंही तसंच. तुमच्या घरातली पहिली वीज हवा शुद्ध करते. त्यानंतरची बर्फ वितळवून पाणी करते, मग दिवे, मग कारखाना. आणि सगळ्यात शेवटची?"

मी जरा ओशाळले. "अंगणातलं रंगीत कारंजं."

"छान आहे ते. मला आवडतं. पण तेवढीच वीज नफीसाच्या घरी गेली तर? त्यांच्याकडे दोनच पॅनेलं. तिच्या अम्मीची विटांची भट्टी दुपारनंतर गार पडते. याला म्हणतात सीमांत उपयोगिता (एखादी गोष्ट आणखी थोडी मिळाली तर त्यातून होणारा जास्तीचा फायदा). ज्याच्याकडे खूप आहे त्याला आणखी थोड्याने फारसा फरक पडत नाही. ज्याच्याकडे थोडं आहे त्याचं मात्र घर चालतं. म्हणून मोठ्या घराकडून मोठा वाटा. त्यातून दवाखाना चालतो, शाळा चालते. आणि भट्टी दिवसभर पेटली तर अम्मी जास्त विटा विकेल. मग तिला तिसरं पॅनेल घ्यावंसं वाटेल. ते कुणाकडून घेईल?"

"आईकडून!" मी ओरडले. "म्हणजे आईने दिलेलं आईकडेच परत?"

"सगळं नाही हं. थोडंसं. मी तुला खोटी आशा लावणार नाही."

"पण रेघ ओलांडली की सगळ्या विजेतले नऊ वाटे जातात ना?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "असं वाटतंय होय तिला! अगं, ही आपल्या गेरूवाडीची खोड. इथे हवेच्या दाबाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला की अख्खं दालन बंद होतं. पोरं चालायच्या आधी रेघेला भ्यायला शिकतात. म्हणून या वाट्याची, म्हणजे कराची, रेघही तशीच वाटली. ये, इकडे बस."

त्यांनी आपला चार पुडांचा डबा माझ्यासमोर ठेवला.

"समज, ही तुमच्या घरची वीज. आधी तळाचं पूड भरतं. त्यातलं काहीच द्यायचं नाही, ते जगण्यासाठी. ते भरलं की दुसरं. त्यातला थोडा वाटा गावाला. तिसऱ्यातला आणखी थोडा जास्त. आणि सगळ्यात वरचं पूड भरायला लागलं, तर फक्त त्या पुडातले दहातले नऊ. आता सांग, वरच्या पुडात एक चमचा भाजी पडली म्हणून खालच्या पुडातली पोळी कुणी काढून नेतं का?"

"नाही!"

"याला टप्प्याटप्प्याचा कर म्हणतात (मिळकत वाढेल तसा फक्त वाढलेल्या भागावर जास्त दराने लागणारा कर). रेघ ओलांडून कुणी आधीपेक्षा गरीब होत नाही."

मी डबा उचलला आणि सुसाट घरी निघाले. आजोबा मागून ओरडत होते, "अगं, माझं जेवण आहे त्यात!"

आईने सगळं ऐकून घेतलं. मधेच तिने वरचं पूड काढलं, पुन्हा ठेवलं, आणि एकदम हसायला लागली.

"एवढी मोठी इंजिनियर मी, आणि मीटरच्या रेघेला घाबरून चादरी घालत बसले!" मग ती गंभीर झाली. "पण शाल्मली, एक गोष्ट माझीही खरी आहे. वरच्या पुडासाठी मी नवी पॅनेलं घडवायची, फुटली तर नुकसान माझं, आणि चाललं तर दहातला एकच वाटा माझा. मग मी रात्रंदिवस का राबू? मला हावरट म्हण हवं तर."

मला ती हावरट वाटली नाही. ती खरं बोलत होती. मी म्हणाले, "मग हे सभेत सांग ना."

शुक्रवारी सभा भरली. आई निरोप घ्यायला आलीय असंच सगळ्यांना वाटलं. नफीसाने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

आई उभी राहिली. आजोबांचा डबा वर धरून तिने आधी चारही पुडांचा हिशेब समजावला, मग म्हणाली, "पॅनेलं मी झाकली. नियम नीट समजून घेतला नाही, चूक माझी. मला जास्त वाटा द्यायला लाज नाही, उलट अभिमान आहे. इथल्याच वाळूने मला मोठं केलं. पण वरच्या पुडातले नऊ मागाल तर माझे हात चालणार नाहीत. सहा मागा. उरलेल्या चारांच्या जोरावर मी आणखी पॅनेलं घडवीन, आणि त्यांच्यातलेही सहा गावाचेच असतील."

रंगनाथकाकांनी लगेच तोंड उघडलं. त्यांना प्रत्येक सभेत काहीतरी बोलायचंच असतं. "वा! नवाचे सहा म्हणजे गावाचा तोटाच की!"

"रंगनाथ," आजोबा शांतपणे म्हणाले, "झाकलेल्या पॅनेलाच्या विजेतले दहातले नऊ म्हणजे किती?"

रंगनाथकाका बोटं मोजायला लागले आणि मधेच थांबले. सभा खो खो हसली.

मग नफीसाची अम्मी उठली. "आम्हाला कुणाचं फुकट नको. भट्टी चालू द्या, आमचंही दुसरं पूड भरेल. त्या दिवशी आमचाही वाटा येईल, आणि तो मी स्वतः आणून देईन." ती हे ताठ मानेने म्हणाली. मला माझ्या गावाचा एवढा अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता.

"सहाच बरोबर कशावरून?" मी आजोबांना हळूच विचारलं.

"ते कुणालाच आधी कळत नाही. करून बघायचं, मोजायचं, चुकलं तर बदलायचं. शास्त्र असंच चालतं."

सहावर मतदान झालं आणि ठराव पास झाला. आईने सगळ्या चादरी काढल्या, आणि शनिवारची गाडी आमच्याशिवाय गेली. पानसेकाका मात्र परत आले नाहीत. काही माणसं निघून जातात, आणि तोही खर्च हिशेबात धरावा लागतो, असं आजोबा म्हणतात.

मग वादळ आलं. तेराव्या दिवशी बाहेर हात धरला तर हात दिसत नव्हता, आणि नेमकं त्याच दिवशी नफीसाचं भावंड वेळेआधी जन्माला आलं. जेमतेम माझ्या दोन ओंजळींएवढं. त्याला उबेच्या पेटीत ठेवलं होतं. पेटी एक क्षणही बंद पडून चालणार नव्हतं.

ती बंद पडली नाही. दवाखान्याच्या काचेला नाक लावून आई आणि मी बघत होतो. बाळाने इवलीशी मूठ उघडली, मिटली.

"आई, ही ऊब आपल्या पॅनेलांची आहे. अम्मीला सांगू या?"

"नको गं. बॅटरीत सगळ्यांची वीज आहे. त्यात आपली कुठली, ते कुणाला सांगता येणार?"

ती असं म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले होते, आणि एवढ्याशा त्या मुठीवरून तिची नजर काही हटत नव्हती. मला राहवलं नाही. मी दवाखान्याच्या बोळात जो भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "ती काचेपाशी उभी आहे ना, गावाला सगळ्यात जास्त वीज देणारी, ती माझी आई!"